पाण्याला भिणारा टपाल्या

आमचा टपाल्या पाण्याला भ्यायचा. खाडीकाठच्या गावांत टपाल वाटणारा माणूस, आणि बांधावरून चालताना पाण्याकडं बघायचा नाही. मान खाली, पिशवी छातीशी. तो रोह्याकडचा, डोंगराखालच्या भातशेतीतला. पोहायला शिकलाच नव्हता. मी तोंडावर म्हणायचो, "टपाल्या, आमची पोरं आधी पोहतात, मग चालतात." तो म्हणायचा, "आमची आधी चालतात तात्या, म्हणून तुमचं टपाल तुम्हाला मिळतं."

ओटीवर टेकायचा नाही. पाणी उभ्यानं प्यायचा आणि तेवढ्यात घरातल्या सगळ्यांची चौकशी करायचा. करोनात पेणचा बाजार बंद, गाडी नाही, आणि आमच्या घरात हिच्या साखरेच्या आजारावरच्या गोळ्या संपलेल्या. यानं त्या पेणहून टपालाच्या पिशवीतून आणल्या. मला उपकार घ्यायची सवय नाही. म्हटलं, "हे तुझं काम नाय." तर म्हणतो, "पिशवीत मावतंय ते सगळं माझं काम." मी त्याला सुका जवळा बांधून दिला. घेतलान, वर कुरकुरलाही, "आता अख्ख्या तालुक्याच्या टपालाला वास मारणार."

मग ते पुराचं वर्ष आलं. पाऊस थांबेना, फोन मेलेले, वडखळचा रस्ता पाण्याखाली. तालुक्यावरून टपालवाल्यांना सांगणं आलं, तुम्हाला घरं आणि माणसं ठाऊक आहेत, दारोदार जा, सगळ्यांना वरच्या शाळेत न्या. टपाल्या गुडघाभर पाण्यातून रिकामी पिशवी घेऊन आला. "तात्या, उधाणाची भरती हाय. बांध धरणार नाय. चला."

आमच्याकडची रीत वेगळी. बांधाला भोक पडलं की घरटी माणूस फावडं नि पेंढा घेऊन बांधावर जातो. माझा आजा गेला, बाप गेला. खारं पाणी एकदा आत आलं की जमीन मरते. मी आणि माझा धाकटा भाऊ नामा निघालोच होतो. मी म्हटलं, "शाळेत बाया जातील. आम्ही कुठं जायचं ते रोह्यावाल्यानं सांगू नये." तो माझ्याशी वाद घालत बसला नाही. आमच्या हिचं गाठोडं खांद्यावर घेतलं. "काकू, चला. गोळ्या घेतल्यात ना?"

म्हातारी माणसं, बाया, पोरं शाळेत बसवून तो आमच्यामागं बांधावर आला. दोन्हीकडं पाणी उसळत होतं. लटलट कापत होता, पण आला.

"तात्या, खाली उतरा. माती काय, परत टाकाल."

"तू जा. तुझं इथं काम नाय."

"तुम्ही उतरल्याशिवाय मी उतरत नाय."

गावात हट्टी म्हणून माझंच नाव होतं. पण त्याचं ते कापणं बघून बांधावरचा एकेक जण फावडं खांद्यावर टाकून उतरू लागला. मीही शिव्या देत वळलो. नामा पार पुढं, भोकात पेंढा तुडवत होता. वाऱ्यात हाक पोचेना. टपाल्या तिकडं निघाला. मी ओरडलो, "थांब, मी जातो!" त्यानं ऐकलं नाही. नामाच्या दंडाला त्याचा हात लागलेला मी बघितला. बांध फुटताना आवाज करील असं वाटतं. तसं नसतं. तो नुसता खाली बसतो. दोघंही दिसेनासे झाले.

नामाच्या हाताला तिवराची फांदी लागली, तो वाचला. टपाल्या ओहोटीला मिठागरात सापडला.

पाणी ओसरल्यावर मी नामाला घेऊन रोह्याकडं त्याच्या घरी गेलो. घडलं ते त्याच्या बायकोला सांगितलं. तिनं मला विचारलं, "त्यांना पोहता येत नाय, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"व्हय."

"गावात सगळ्यांना?"

"व्हय."

ती उठून आत गेली.

तेव्हापासून दर पावसाळ्यात भात लावायला नामा तिच्या शेतावर जातो. कुणी बोलावलेलं नाही. आमची जमीन परत पिकू लागल्यापासून आमची स्वतःची लावणी खोळंबते. मी पहिल्यांदा ओरडलो, आता गप्प बसतो. दिवसभर दोघं एकाच चिखलात वाकलेली असतात. दुपारी ती त्याला भाकरी वाढते, बाजूला पाण्याचा तांब्या ठेवते. बोललेली अजून नाही.