हाफिजच्या भरवशावर लावलेलं झाकण

आमच्या मोहल्ल्यात तुर्दिअली अकांना वेळ विचारण्यात अर्थ नसे. विचारलीच, तर म्हणत, "कांदा लाल झाला की मांस, मांसाने रंग धरला की गाजर, गाजर मऊ पडलं की पाणी. एवढीच वेळ मला कळते. बाकीची चौकातल्या मनोऱ्यावर बघ." आमच्या मार्गिलान शहराच्या चौकातल्या त्या मनोऱ्यावरचं घड्याळ अकरा वर्षं सव्वाचारवर उभं आहे, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

तुर्दिअली अका (वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही अका म्हणतो, बाईला ओपा) पुलाव करतात. तसा पुलाव इथे प्रत्येक पुरुष करतो, आणि आपल्यासारखा दुसऱ्या कोणाला जमत नाही अशी प्रत्येकाची खात्री असते. पण लग्नाच्या दिवशी पहाटे फजरच्या नमाजानंतर तीनशे माणसं जेवायला यायची असली, की सगळे शहाणे गप्प बसतात आणि तुर्दिअली अकांच्या दारात जातात. सहासष्ट वर्षांचा हा माणूस अंगाने झाऱ्यासारखा: वर रुंद, खाली लांब दांडा. टोपी तेलाने इतकी मुरलेली की मोहल्ल्यातला गुलामकादिर म्हणायचा, "दुष्काळ पडला तर ही टोपी उकळून आठ दिवस काढता येतील." अका कढईशी बोलत. तांदळाला रागावत. देवजिरा तांदूळ पाणी नितळ होईपर्यंत धूत आणि धुताना त्याची अशी समजूत घालत, जणू त्याला सासरी पाठवायचंय. आणि पुलाव कसा झाला असं विचारलं, की पाचही बोटं मिटून हळूहळू उघडत म्हणत, "फुललाय."

त्यांचं एक गुपित होतं, आणि ते सबंध मोहल्ल्याला ठाऊक होतं. भातावर झाकण किती वेळ ठेवायचं हे ते वासिलखान हाफिजच्या गाण्यावर ठरवत. आमच्याकडे हाफिज म्हणजे गवई.

हे सुरू झालं एक्केचाळीस वर्षांपूर्वी. अका तेव्हा पंचविशीतले. उस्तादाचं पोट बिघडलं आणि पहिल्यांदाच अख्खी कढई एकट्याच्या गळ्यात आली. झाकण लावलं, आणि घाबरलेल्या माणसाला ते कधी लावलं हेच आठवेना. एवढंच आठवत होतं, की तेव्हा अंगणात वासिलखानने डाळिंबाच्या बागेचं गाणं सुरू केलं होतं. तरुण हाफिज गालाशी चिनीमातीची बशी धरून गात होता, आवाज दूर फेकण्यासाठी जुने गवई धरत तशी. गाणं चढत गेलं, चौथ्या कडव्याला इतकं वर पोचलं की तुतीवरच्या चिमण्या उडाल्या, मग सावकाश उतरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, अकांनी डोळे मिटून झाकण काढलं, आणि भाताचा दाणा न् दाणा मोकळा! हाफिज स्वतः चुलीपाशी आला, झाऱ्यावरूनच घास घेऊन म्हणाला, "पोरा, तू माझ्या गाण्यावर शिजवलंस. आता तू जिथे शिजवशील, तिथे मी हे गाणं अर्धं सोडणार नाही." आणि हातातली बशी त्याला देऊन गेला.

त्या बशीला काठाशी एक टवका आहे. ती अकांच्या घरी भिंतीवर, वडिलांच्या फोटोशेजारी असायची. खरं सांगायचं तर फोटोच्या जरा वरच.

तेव्हापासून हाफिज असेल तिथे हाफिज, नसेल तिथे चुलीशेजारच्या विटेवर टेपरेकॉर्डर, मैफलीतल्या टाळ्यांसकट. गाणं सुरू, झाकण खाली. टाळ्या, झाकण वर. मी शाळेत भूगोल शिकवायचो, मोहल्ल्यात मला अजून दोमला म्हणतात. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं: सत्तावीस मिनिटं. अकांना सांगितलं, तर ते नाराज झाले. म्हणाले, "दोमला, तुम्ही आईच्या मिठीचं वजन करता का?"

तर अशा माणसावर गेल्या वसंतात वासिलखान हाफिजची तीन नवी गाणी येऊन कोसळली.

ओयिमनिसा ओपांच्या नातवाचं लग्न होतं. आदल्या दिवशी दुपारी त्यांच्या अंगणात गाजरं कापायला आम्ही चौदा जण बसलो होतो. पुलावाची गाजरं सगळ्या मोहल्ल्याने मिळून कापायची असतात, आणि काप एकसारखे यावेत म्हणून तोंडही सुरीइतकंच चालवायचं असतं. शेरमत न्हाव्याने फोन चहाच्या समोवाराला टेकवून उभा केला आणि गाणं लावलं. पडद्यावर आमचा हाफिज, काळा चष्मा घालून, पांढऱ्या गाडीच्या टपावर बसलेला. मागे ढुमढुम चाललंय आणि तो गातोय, "फोन उचल, फोन उचल, जानेमन."

"काय जोर आहे बघा!" शेरमत म्हणाला. "चौऱ्याहत्तराव्या वर्षी गाडीच्या टपावर! माझ्या आजोबांना त्या वयात ओट्यावर चढवायला दोन माणसं लागायची."

"ह्यालाही लागलीच असतील," गुलामकादिर म्हणाला. तो रेशीम गिरणीतून निवृत्त झालेला. गिरणी बंद पडल्यापासून जगातली प्रत्येक नवी गोष्ट त्याला गिरणी बंद पाडणाऱ्यांची वाटते. "कॅमेऱ्यामागे उभी असतील. आणि फोन उचल काय, फोन उचल? ह्या माणसाने डाळिंबाच्या एका दाण्यावर पाच मिनिटं काढलीत!"

"म्हणूनच आम्ही झोपायचो, गुलामकादिर अका. लोकांनी खाली काय लिहिलंय ऐका तरी." शेरमत वाचायला लागला. "'हाफिज, तुमच्या गाण्यावर आजी नाचली.' 'हाफिज, माझी आजी रडली, तिने तुमच्या जुन्या गाण्यावर लग्न केलं होतं, आता कोणाकडे तक्रार करू?' 'हाफिज, आवाज तोच आहे, पण तुम्ही कुठे आहात?' 'सगळे जळतात, हाफिज, तुम्ही गात राहा.' आणि हा बघा, कोकंदचा एकजण: 'गाणं वाईट आहे. आठ वेळा ऐकलं.'"

सगळे हसले. तुर्दिअली अका मात्र गाजराची सालं काढत होते, आणि गाजर सोलून संपलं तरी काढतच होते.

"अका, तुम्ही काय म्हणता?" शेरमतने त्यांना विचारलं.

"म्हातारा माणूस. नातवंडांच्या हट्टासाठी केलं असेल," अका म्हणाले. "आपणही नातवाला पाठीवर घेऊन घोडा होतोच की."

"पण घोडा झाल्याचा व्हिडिओ कोणी काढत नाही," गुलामकादिर म्हणाला.

तेवढ्यात फोनवर आपोआप पुढचं लागलं. हाफिजची मुलाखत. निवेदिकेने विचारलं, जुनी गाणी का गात नाही? हाफिज हसला, तेच ते गोड हसू, आणि म्हणाला, "ती गाणी गाजरं कापता कापता ऐकायची होती हो. लांबच्या लांब. आता तेवढा रिकामा माणूस उरलाय कुठे?"

चौदा सुऱ्या थांबल्या. आमच्या मधे गाजरांचा हा एवढा ढीग. कोणी कोणाकडे बघेना. शेरमतने फोन घाईघाईने पालथा घातला, जणू त्यानेच ते म्हटलं होतं.

"कापलंय ते," अका शेवटी म्हणाले. "टीव्हीवाले माणसाचं बोलणं कापतात. मागचं-पुढचं काढून टाकतात."

ओयिमनिसा ओपा भट्टीतले नान घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांना खरं तर फर्गानाची एक तरुण गायिका बोलवायची होती. अकांनीच दोन वेळा येऊन त्यांचं मन वळवलं होतं.

"तुर्दिअली," त्या म्हणाल्या, "उद्या माझ्या अंगणात व्याह्यांसमोर हा माणूस 'फोन उचल' म्हणाला तर?"

"नाही म्हणणार, ओपा. माझं बोलणं झालंय. डाळिंबाचं गाणं नक्की, म्हणाले."

"आणि पूर्ण?"

अकांना हा प्रश्न अपमानासारखा लागला. उठून उभे राहिले. "एक्केचाळीस वर्षांत त्यांनी ते अर्धं सोडलेलं नाही. उद्या सोडलं, तर पुन्हा ह्या मोहल्ल्यात झारा धरणार नाही. दोमला, तुम्ही साक्षीला."

मी नको नको म्हणत साक्षीला राहिलो.

सकाळी अका नवा चापान घालून आले. टेपरेकॉर्डर घरी ठेवला होता. खुद्द हाफिज असताना टेप आणणं म्हणजे इमामासमोर तस्बीह मोजायला माणूस ठेवण्यासारखं, म्हणाले. आणि चापानाच्या आत रुमालात गुंडाळून भिंतीवरची बशी आणली होती.

नमाज आटोपून माणसं येऊ लागली. नान, चहा, बेदाणे. हाफिज आला तो मुलाला आणि मुलाच्या कीबोर्डला घेऊन. अका हात पुसत पुढे गेले, छातीवर हात ठेवून वाकले, आणि दोन्ही हातांनी बशी पुढे केली.

"अरे वा," हाफिज म्हणाला, "बरं झालं, ठेवायला काही नव्हतं." त्याने बशी घेतली, मंचावरच्या स्टुलावर ठेवली, आणि तिच्यात गाडीची किल्ली आणि फोन ठेवला.

अका तिथेच उभे राहिले. मग म्हणाले, "टवक्याची बाजू आत करा हाफिज, फोनला ओरखडा पडेल." आणि चुलीकडे परतले.

पण नंतर गाणं सुरू झालं, आणि ते डाळिंबाचंच होतं! पहिलं कडवं जसंच्या तसं. आवाज जरा खरखरीत, पण जुन्या दरवाजाचा असतो तसा, आपल्याच घराचा. अकांनी माझ्याकडे पाहिलं. काल चौदा जणांसमोर लाज गिळलेल्या माणसाचा चेहरा उजळला. भाताचा ढीग गोल केला, झाकण लावलं, कडेला ओला पंचा दाबला, डोळे मिटले.

दुसरं कडवं झालं आणि मुलाने कीबोर्डवर बोट ठेवलं. ढुम. ढुमढुम. हाफिज टाळ्या वाजवायला लागला: "डाळिंब, हे! डाळिंब, हे हे!" शेरमत आणि त्याची मंडळी उड्या मारत मधे आली. व्याही मान डोलवू लागले, कदाचित नाइलाजाने. दोन म्हातारे चहाच्या पियाल्यात असे बघत बसले, जणू तळाशी काही सांडलंय. गुलामकादिर उठून बाहेर गेला. पुढच्या चार मिनिटांत गाणं खलास. "रहमत! रहमत!" हाफिज आभार मानत ओरडला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

आणि अकांच्या हाताने झाकण काढलं.

मी शेजारी उभा होतो, मला थांबवता आलं नाही. एक्केचाळीस वर्षं टाळ्या झाल्या की तो हात वर गेला होता. त्या दिवशी डोक्याला विचारायला तो थांबला नाही. सगळी वाफ अक्रोडाच्या झाडात निघून गेली. अकांनी एक दाणा दातांखाली घेतला. कणी. नुसती कणी. तीनशे माणसं वाट बघतायत आणि कढईत खडे.

हाफिज निघण्याआधी चुलीपाशी आला. त्याला आणखी दोन लग्नं होती. "तुर्दिअली, डब्यात भरून दे, वाटेत खातो. हे काय, कच्चा दिसतोय?"

"हाफिज," अका अगदी हळू म्हणाले, "चौथ्या कडव्याला वर जायचं होतं. मग उतरायचं. भात तिथे होतो."

हाफिज हसला, त्यांच्या खांद्यावर थोपटलं. "वेडा रे वेडा! अजून तेच? एक घड्याळ घे." आणि गेला. स्टुलावर बशी राहिली, तिच्यात चॉकलेटचा कागद.

अकांनी झारा कढईच्या काठावर ठेवला. टोपी काढली. "ओपा, मी बोललो होतो. दुसऱ्या कोणाला बोलवा."

ओयिमनिसा ओपा बाई वयाने ऐंशीच्या, आवाजाने तिशीच्या. "तीनशे माणसं उपाशी बसलीत आणि तू शब्द पाळत बसलास? गाणारा पळाला, आता शिजवणाराही पळ! उचल तो झारा. शब्द उद्या पाळ."

अकांनी झारा उचलला. भातावर गरम पाण्याचे चार हबके मारले, ढीग पुन्हा रचला, झाकण ठेवलं, पंचा दाबला. माझ्या मनगटावर घड्याळ होतं. मी ते पुढे केलं. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. उभे राहिले, डोळे मिटले, आणि तिसऱ्या कडव्यापासून स्वतःच गुणगुणायला लागले.

आवाज म्हणाल तर सर्दी झालेल्या बोकडाचा. चौथ्या कडव्याला वर जाताना तो असा फाटला की नवरदेवाची आत्या दचकून बघायला आली. पण एक जागा सोडली नाही, एक वळण गाळलं नाही. ज्याने फसवलं त्याचंच गाणं म्हणत होता बिचारा, कारण भात होण्याची दुसरी कुठली खूण त्याला ठाऊक नव्हती. गालांवरून जे उतरत होतं ते वाफेचं पाणी, असं मी तरी सगळ्यांना सांगितलं. शेरमत जवळ येऊन उभा राहिला. हातातला फोन त्याने खिशात घातला.

गाणं संपलं. टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं, म्हणून अका झाकणावर हात ठेवून जरा घोटाळले. मग शेरमतने दोनदा टाळी वाजवली, घाबरत घाबरत. झाकण वर गेलं. दाणा न् दाणा मोकळा होता. व्याही दोन परातींवर तिसरी मागून जेवले. अका जेवले नाहीत.

शब्द पाळायचा दिवस काही मोहल्ल्याने त्यांना लाभू दिला नाही. दर आठवड्याला कोणाचं तरी लग्न निघतंच. ते येतात, पण आता विटेवर टेपरेकॉर्डर नसतो. तिथे एक लाल गजराचं घड्याळ असतं, तबकडीवर दाणे टिपणारी कोंबडी आहे, सत्तावीस मिनिटांनी ती ओरडते. बशीत जिरं असतं. कोणी फोनवर हाफिजचं गाणं लावलं, नवं किंवा जुनं, तर अका कढईच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभे राहतात.

पुलाव अगदी पहिल्यासारखा होतो. मला तर काडीचा फरक कळत नाही. परवा मुद्दाम विचारलं, "अका, कसा झालाय?"

मी त्यांच्या बोटांकडे बघत होतो. त्या बोटांनी घड्याळाची कोंबडी गप्प केली, पंचा झटकला.

"शिजलाय," ते म्हणाले.