ऊन चाक

वाशीमच्या मोटार अड्ड्यामागे, लिंबाखाली एका मिस्तरीचं दुकान होतं. माणूस तिरसट. गाडीसमोर गाडीला नावं ठेवलेली त्याला खपत नसत.

माझी जुनी मोटार तेव्हा पेट्रोल नुसतं ढोसत होती. रिसोडच्या एकाला ती विकायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं. मालेगावहून आल्या आल्या ती मिस्तरीकडे नेली आणि म्हणालो, "भलती खादाड झालीय."

त्यानं मला हाताला धरून लिंबापलीकडे नेलं. "तिच्यासमोर कायले बोलता?"

मग परत येऊन, आजारी बैलाचा कान चाचपावा तसा, त्यानं एकेका चाकाच्या मधोमध उलटा हात लावला. मागच्या डाव्या चाकापाशी चटका बसून हात झटकन मागे आला. तिथला ब्रेक आवळून बसला होता; पेडल सोडलं तरी चाक सुटत नव्हतं.

त्यानं चाक उतरवून ब्रेक मोकळा केला. शेवटी त्यानं एका हातानं गाडी ढकलली, तशी ती अलगद निघाली.

या वेळी मला बाजूला न नेता, तिच्यासमोरच तो म्हणाला, "पाय बांधून पळवून राह्यले इले, अन् वरतून खादाड म्हनता?"

दुसऱ्या दिवशी रिसोडचा माणूस आला. गाडीभोवती फिरून एकेक खोड काढू लागला, तेव्हा मी त्याला हाताला धरून बाजूला नेलं.