आवृत्तीचा रिकामा रकाना

दौंडच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. आमचं डिजिटल ग्रंथालय ऑनलाइन वर्गाच्या पोर्टलला जोडायचं ठरलं, तेव्हा सगळ्या पुस्तकांच्या नोंदी मीच एका फाइलमधून तिकडे पाठवल्या. पुस्तकाची आवृत्ती आम्ही 'टीप' या रकान्यात लिहायचो. पोर्टलला तो रकाना कळत नव्हता, त्यानं तो गाळून टाकला. मी दहा-बारा पुस्तकं उघडून पाहिली. ती ठीक दिसली, म्हणून सगळं सुरू केलं.

एका दुपारी रसायनशास्त्राचे सर आले. कारखान्यातल्या सुरक्षेचं जुनं पुस्तक मुलांना का दिसतंय, असं त्यांनी विचारलं. पाहते तर एकाच नावाच्या दोन नोंदी, आवृत्ती कुठंच नाही, आणि धड्याला जोडली गेलेली जुनी. सरांनी दाखवलं, त्या जुन्या पुस्तकात एका तक्त्यातल्या दोन ओळींची छपाईत अदलाबदल झाली होती. ज्या पावडरला पाणी लागूच द्यायचं नाही, तिच्यापुढं 'पाण्यानं धुवा' असं छापलं होतं.

लिंक लगेच बंद केली. पुस्तक सात जणांनी उघडलं होतं. सहा जण फोनवर भेटले. सातवी कुरकुंभच्या एका रासायनिक कारखान्यात नोकरी करून शिकत होती. तिच्या घरी फोन लावला, तर ती दुपारच्या शिफ्टला गेल्याचं आईनं सांगितलं. मोबाइल गेटवरच जमा होतात, हे मला ठाऊक होतं. स्कूटी काढली. वाटेत उसाच्या ट्रॉल्या पुढं जाऊ देत नव्हत्या, आणि मला त्या तक्त्यातली ती एकच ओळ दिसत होती.

वॉचमननं आत निरोप दिला. वीसेक मिनिटांनी ती बाहेर आली, डोक्यावर हेल्मेट, मास्क गळ्यात ओढलेला. पावडर सांडली तर काय करतेस, एवढंच मी विचारू शकले.

"कालच पिशवी फाटली व्हती मॅडम," ती म्हणाली. "पाण्याचा पाइप हातात घेतला व्हता. मंग पिशवीवर बघितलं, तर पाणी मारू नका म्हणून लिहिलेलं. पुस्तकाचं ऐकू का पिशवीचं, कळंना. सुपरवायझरला हाक मारली." मग तिनं विचारलं, "पुस्तक चुकलं व्हय?"

"ते सुधारून पुन्हा छापलंय," मी म्हणाले. "चुकलेलं तुझ्यापुढं मी ठेवलं."

मान हलवून ती आत गेली.

परत येऊन प्राचार्यांना सगळं लेखी दिलं. लिहिता लिहिता आठवलं, शिरूरच्या एका कॉलेजातल्या ग्रंथपालबाईंनी मागच्याच आठवड्यात त्यांच्या पोर्टलसाठी माझी फाइल मागून नेली होती. त्यांची कितीतरी मुलं रांजणगावच्या कारखान्यांत कामाला जातात. फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मुलांची यादी उघडली आणि एकेकाच्या नावापुढं कोणती पुस्तकं उघडलीत ते तपासत राहिल्या. मी कानाला फोन धरून बसले होते.

तिथं ते पुस्तक अजून कुणीच उघडलं नव्हतं. तरी दोघींनीही त्या दिवशी पोर्टल बंद केलं. पुढचे दोन महिने मी प्रत्येक पुस्तक हातात घेऊन, आतलं पान बघून, आवृत्तीचा रकाना भरत होते.