तंबूला घातलेला हार

सर गेले. या वेळी खरंच गेले.

"या वेळी" असं का म्हणतेय, ते आमच्या बॅचच्या पोरांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी लिहिते.

ठोंबरे सर आमचे स्काउटमास्तर. खालापूरजवळच्या आमच्या शाळेत शिकवायचे भूगोल, पण जीव सगळा स्काउटमध्ये. मे महिन्याच्या उन्हातही मोजे गुडघ्यापर्यंत आणि डोक्यावर ती गोल काठाची हॅट.

त्या वर्षी आमचा पहिला समर कॅम्प ठरला. धरणाच्या काठी, तंबूत राहायचं. शाळेच्या मैदानावर जोरात तयारी सुरू.

आमचा तंबू उभा राहायचा आणि सर "शाब्बास" म्हणेपर्यंत आडवा व्हायचा.

दोन लाठ्या आणि घोंगडी घेऊन स्ट्रेचर करायचं, ते मात्र आम्हाला झकास जमायचं. पेशंट कायम मीच, कारण मी काडी पैलवान.

सगळं झालं, पण सामान न्यायला गाडी नाही. मी छाती पुढे काढून सांगितलं, "आमच्या आप्पांचा नवा टेंपो आलाय, सर."

आप्पा म्हणजे माझे वडील. कुंभिवली नाक्यावर त्यांचा मालवाहतुकीचा धंदा. लगेच हो म्हणाले. नव्या गाडीची पहिली फेरी पोरांच्या कामी येतेय, याचा त्यांना कोण आनंद.

निघायच्या दिवशी टेंपो शाळेच्या गेटवर उभा. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. नारळ फुटला. आप्पांनी हसत हात पुढे केला.

उजवा.

सरांनीही केला.

डावा.

स्काउटचं हस्तांदोलन डाव्या हातानेच असतं. सरांचं बघून मागच्या रांगेतल्या आम्ही सगळ्यांनीही टपाटप डावे हात पुढे केले. त्यात माझाही.

आप्पांचं हसू गेलं.

"मास्तर, नव्या गाडीच्या म्होरं डावा हात?"

"डावा हात हृदयाच्या जवळ असतो, आप्पा."

"काळीज कुठं हाय ते मलाबी ठाव हाय. पन सकाळी टमरेल घेऊन जाता तवा कुठला हात वापरता?"

अख्खं पथक फिस्सकन हसलं. हेडसर दातओठ खात कुजबुजले, "अहो ठोंबरे, बदला ना हात."

"नियम आहे, सर."

दोघांचे हात तसेच हवेत. एकही माघार घेईना. शेवटी आप्पांनी आपला हात खिशात घातला आणि मला म्हणाले, "चल गं घरी. कॅम्प नाय नि बिम्प नाय."

मला रडू फुटलं. सर म्हणाले, "जा बाळा, वडिलांचं ऐकावं."

मी हलले नाही. तोंडात शिट्टी धरून रांगेत खांबासारखी उभी राहिले. आप्पांनी जरा वेळ वाट बघितली, मग "सांभाळा तुमीच हिला" म्हणाले आणि टेंपो घेऊन गेले.

"स्काउट?" सर ओरडले.

"तयार," आम्ही पुटपुटलो.

"मग चालत जाऊ."

तंबू गुंडाळून स्ट्रेचरवर टाकला. धूळ नको म्हणून वर पांढरी चादर. सर्वांत मोठं पातेलं कोणालाच झेपेना, ते सरांनी स्वतःच्या डोक्यावर पालथं घेतलं. मग हॅट कुठे ठेवायची? ठेवली चादरीवर.

आणि आम्ही निघालो. चौघांच्या खांद्यावर स्ट्रेचर, बाकीचे माना खाली घालून मागे. सर सगळ्यांच्या शेवटी, गळ्यापर्यंत पातेल्यात.

टपरीवरच्या म्हाताऱ्याने टोपी काढली. रिक्षावाले उठून उभे राहिले. एका आजीने हात जोडून विचारलं, "कोन गेलं गं?" माझ्या तोंडात अजून शिट्टी, मी नुसती मान हलवली.

झालं. आम्ही नाक्यावर पोचायच्या आधी बातमी पोचली. स्काउटमास्तर गेले. उन्हानं गेले. पोरंच खांद्यावर आनतायत.

आप्पांनी टेंपो आणून भर रस्त्यात आडवा घातला. उतरले, बॉनेटवरचा हार ओरबाडून काढला आणि पळत येऊन चादरीवर घातला. माझ्या बापाला मी त्या दिवशी पहिल्यांदा रडताना पाहिलं.

"मास्तर, येवढं मनाला लावून घ्यायचं व्हय? येका हातापायी?"

मागून पातेल्यातून आवाज आला, "आप्पा, तंबूला हार कशाला?"

आप्पांनी मागे वळून बघितलं. पातेलं वर झालं. त्याच्याखाली सर.

त्यानंतर आप्पा जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. शेवटचं तेवढं सांगते. "आता गुमान गाडीत बसा."

कॅम्प झाला. तंबू एकदाही पडला नाही. हार घालून ठेवला होता ना.

पुढे दर उन्हाळ्यात टेंपो आप्पांचाच. गेटवर दोघे समोरासमोर आले की एकाचा उजवा हात पुढे, एकाचा डावा. मग दोघेही हसून नमस्कार करायचे.

"अजून नाय, मास्तर."

"मी थांबेन की, आप्पा."

हात काही शेवटपर्यंत मिळाले नाहीत.

आज सकाळी सरांना शाळेच्या मैदानावर आणलं. अंगावर पांढरी चादर, उशाशी हॅट. आप्पा आता काठी टेकत चालतात. त्यांनी झेंडूचा हार घातला.

आणि मागे वळून पाहिलं.

लोकांना वाटलं, मला शोधतायत. मी शेजारीच उभी होते. ते कोणाला शोधत होते ते मला माहीत होतं.

मागून कोणी आलं नाही.

आप्पांनी काठी माझ्याकडे दिली, वाकले आणि सरांचा डावा हात आपल्या डाव्या हातात घेतला. बराच वेळ सोडलाच नाही.

विधी सांगणारे गुरुजी हळूच म्हणाले, "आप्पा, उजवा हात."

"नियम हाय," आप्पा म्हणाले.

सर, पथकाचा हा डाव्या हाताचा शेवटचा निरोप.