हिरव्या नकाशातला उसना डॉक्टर

"घोडके मॅडम, अभिनंदन! आपला जिल्हा सगळा हिरवा आलाय!" आमचे बॉस केबिनमधूनच ओरडले आणि मी डोक्याला हात लावला.

मी धाराशिवला आरोग्य खात्यात सांख्यिकीचं काम करते. म्हणजे आकडे गोळा करायचे आणि लोकांच्या शिव्या खायच्या. त्या वेळी काम होतं स्पेशालिस्ट डॉक्टर कुठं कमी आहेत ते शोधायचं. ज्या दवाखान्यात डॉक्टर नाही तिथं नकाशावर लाल रंग, आहे तिथं हिरवा. प्रश्न होता भूलतज्ज्ञाचा. ऑपरेशनआधी पेशंटला भूल देणारा आणि ऑपरेशन संपेपर्यंत त्याचा श्वास, बीपी सांभाळणारा हा डॉक्टर. सर्जनचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, याचं कुणालाच नसतं. पण हा नसला की सर्जन म्हणजे नुसता हात धुऊन उभा असलेला माणूस.

आता हिरव्या रंगात वाईट काय? तर सरकार भूलतज्ज्ञाची एक नवी जागा देणार होतं आणि ती लाल भागालाच मिळणार होती. आम्ही हिरवे, म्हणजे जागा दुसऱ्या जिल्ह्याला. आणि मला पक्कं माहीत होतं की आमच्याच जिल्ह्यातल्या वाशी तालुक्याच्या बाजूच्या एका दवाखान्यात भूलतज्ज्ञ नाही. गावाचं नाव सांगत नाही. सगळे अजून नोकरीत आहेत.

मी तिथल्या अधीक्षकांना, डॉ. शिंदेंना फोन लावला. "सर, तुमच्याकडं भूलतज्ज्ञ आहे?"

"आहे की मॅडम."

"कोण?"

"डॉ. पांचाळ."

"ते तर तुळजापूरच्या बाजूला असतात."

"असतात. पण आमच्याकडं येतात की अधूनमधून."

असं तर माझे मामाही आमच्याकडं अधूनमधून येतात. म्हणून काय रेशन कार्डावर त्यांचं नाव घालायचं?

फोन ठेवला न ठेवला तोच त्याच दवाखान्यातल्या डॉ. सोनवणेंचा फोन आला. या बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टर. बाई कडक आणि आवाज त्याहून कडक. "घोडके मॅडम, आम्ही हिरवे झालो म्हणे? मग माझ्या सीझरच्या बायका बार्शीला काय फिरायला जातात? रस्त्यात एखादीचं काही झालं तर तुमच्या नकाशावर कुठला रंग देणार?"

मी तडक बॉसच्या केबिनमध्ये गेले. बॉसना सांगितलं तर ते म्हणाले, "शिंदे लेखी 'आहे' म्हणतायत. आपण कशाला 'नाही' म्हणायचं?" शेवटी मी भांडून भांडून पुण्याच्या मुख्य ऑफिसातल्या साहेबांना पाहणीला बोलावलं. एवढं भांडण मी लग्नाच्या याद्या करतानाही केलं नव्हतं.

साहेब आले ते मंगळवारी. माणूस सभ्य, मितभाषी, ॲसिडिटीवाला. गरम पाण्याची बाटली सतत हातात. आधी आम्ही तुळजापूरच्या बाजूचा दवाखाना पाहिला, जिथं पांचाळांची खरी नेमणूक आहे. देवीचा वार, त्यातून पाहुणे. तिथल्या अधीक्षकांनी पुजारी बोलावून ठेवले होते. त्यांनी सगळ्यांना मळवट भरायला घेतला. मळवट म्हणजे कपाळभर भरलेलं हळदीकुंकू, या कानापासून त्या कानापर्यंत. साहेबांनी हात जोडून बोटभर टिळ्यावर भागवलं. पांचाळ मात्र देवीचे मोठे भक्त. त्यांनी डोळे मिटून भरगच्च मळवट भरून घेतला. साहेबांशी छान बोलले, मशीन दाखवलं आणि "जरा काम आहे" म्हणून मागच्या गेटनं निघून गेले.

आम्ही धाराशिवला जेवलो. मंगळवार, म्हणून मटण नाही. साहेबांना पिठलं-भाकरी आवडली, ठेचा आवडला नाही. मग वाशीच्या रस्त्याला लागलो. वाटेत एक पांढरी गाडी धूळ उडवत आमच्या पुढं गेली.

साहेब म्हणाले, "मघाचेच डॉक्टर वाटतात. कपाळ तसंच होतं."

आमचा ड्रायव्हर बब्रुवान, डॉ. शिंदेंच्याच गावचा. तो आरशात बघत म्हणाला, "न्हाय साहेब. आमच्याकडं मंगळवारी निम्मा जिल्हा मळवटात असतोय."

मी त्याच्याकडं रागानं बघितलं. तो रस्त्याकडं बघत राहिला.

दवाखान्याच्या दारात उतरलो आणि मी जागीच थांबले. शिंदेंच्या कपाळावर मळवट. नर्सच्या मळवट. वॉचमनच्या, स्वयंपाकाच्या मावशींच्या, सगळ्यांच्या मळवट. सलाइनची बाटली उंच धरून एक पेशंट बघायला आला होता, त्याच्याही कपाळावर मळवट.

हे काय झालं ते मला नंतर कळलं. आमच्याकडं मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटलं की शेजारचा सोफा आपल्या घरात येतो. कुणाला त्यात खोटं वाटत नाही. शेजारधर्म तो. त्याच रीतीनं शिंदेंनी पांचाळांना उसनं मागितलं होतं. फक्त सोफ्याला कपाळ नसतं. शिंदे फोनवर म्हणाले, "या, पण तेवढं कपाळ पुसून या." पांचाळ म्हणाले, "देवीचं आहे. मी पुसणार नाही." मग शिंदेंनी डोकं लावलं. एकाचं पुसता येत नसेल तर सगळ्यांना लावू.

"आज काही विशेष आहे का?" साहेबांनी विचारलं.

"मंगळवार आहे, सर," शिंदे म्हणाले.

साहेब ओळीनं एकेकाला भेटत निघाले. शेवटी मास्क लावून, टोपी ओढून, भिंतीला चिकटून एक गोल माणूस उभा होता.

"आणि हे आमचे भूलतज्ज्ञ," शिंदे म्हणाले.

"नमस्कार. आपलं नाव?"

पांचाळ गप्प. कपाळावर देवीचं कुंकू असताना त्यांना खोटं बोलवेना आणि खरं बोललं तर शिंदे तोंडघशी. ते साहेबांकडं बघत राहिले. कपाळावरून घामाचा एक लाल ओघळ भुवईपर्यंत आला.

"सर, त्यांचं मौन आहे आज," शिंदे म्हणाले.

"मौन? मग पेशंटला काही विचारायचं असलं तर?"

"खुणेनं विचारतात, सर."

माझ्या तोंडून हसू फुटलं ते मी खोकल्यावर नेलं. तेवढ्यात लेबर रूमचं दार धाडकन उघडलं आणि डॉ. सोनवणे बाहेर आल्या. सगळ्या दवाखान्यात त्यांचं एकटीचं कपाळ कोरं होतं.

"पांचाळ आलेत म्हणे? खरंच?" त्या ओरडल्या. "बाळाचे ठोके उतरायला लागलेत, सीझर लागणार. मी आत्ता तिला बार्शीला काढत होते!"

दारात ॲम्ब्युलन्स सुरूच होती. पांचाळांनी मास्क सारखा केला, मोठ्यांदा म्हणाले, "चला," आणि पळाले. एवढ्या जाड माणसाला इतकं पळता येत असेल असं मला वाटलं नव्हतं.

आम्ही बाहेर थांबलो. बाकड्यावर त्या पेशंटची सासू बसली होती, डब्याची पिशवी मांडीवर घट्ट धरून. साहेब तिच्या शेजारी बसले. तिला ते कोण हे ठाऊक नव्हतं.

"काळजी करू नका, आजी," साहेब म्हणाले.

"काळजी कशी न्हाय करू? थोरलीला असंच बार्शीला न्हेलं. वाटंतच झाली ती बाळंतीण, गाडीत. पोर वाचलं, देवाची किरपा. पर म्या लई भ्याले हुते. इथला भूलवाला डाक्टर कवाच नसतोय. आजच कसा घावला की!"

साहेब हातातल्या गरम पाण्याकडं बघत बसले. शिंदे भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचायला लागले. मला मघाच्या हसण्याची लाज वाटली. जिल्ह्यातले सगळे रस्ते मला पाठ आहेत, त्यात बार्शीचा कसा आहे हेही.

मग आतून बाळ रडलं. सासू हात जोडून उठली आणि रडता रडताच तिनं पिशवीतला खव्याचा पेढा काढून साहेबांच्या तोंडात कोंबला. ॲसिडिटी असून त्यांनी तो निमूट खाल्ला.

थोड्या वेळानं पांचाळ बाहेर आले. मळवट घामानं उतरून गालांवर आला होता, त्यामुळं ऑपरेशन त्यांचंच झाल्यासारखं दिसत होतं.

"डॉक्टर, मौन सुटलं वाटतं," साहेब म्हणाले.

"साहेब, सकाळचा तो मीच. यापुढं उगाच ताणत नाही."

शिंदेंनी मान खाली घातली. "सर, रिकामी जागा दिसली की आधी बोलणी आम्हालाच बसतात. घरात पाहुणे आले की जे नाही ते झाकायचं, ही सवय."

डॉ. सोनवणे हात पुसत आल्या. "साहेब, एक विनंती आहे. तुम्ही रोज येत जा. तुम्ही आलात की आम्हाला भूलतज्ज्ञ मिळतो."

कुणीच हसलं नाही. गाडीत बसल्यावर साहेब एवढंच म्हणाले, "घोडके मॅडम, लाल करा."

केलं. नकाशा बाहेर पडला त्या दिवशी शिंदेंचा फोन आला. "मॅडम, फारच लाल दिसतंय हो. जरा गुलाबी नाही का करता येणार?"

गुलाबी केलं नाही. जागा मिळाली आणि वर्षाच्या आत भरलीही. नव्या भूलतज्ज्ञ बाई रुजू झाल्या तेव्हा डॉ. सोनवणेंनी मला पेढे पाठवले, तेही न ओरडता. मी त्यातून एक शिकले. "डॉक्टर आहे का?" असं आता मी दवाखान्याला विचारत नाही. "मागच्या सीझरच्या पेशंटला कुठं पाठवलं?" असं विचारते. पहिल्या प्रश्नाला आब राखून उत्तर येतं, दुसऱ्याला खरं.

परवा सोमवारी शिंदेंचा पुन्हा फोन आला. आवाज अगदी हळू.

"मॅडम, तुळजापूरकडच्या दवाखान्यात उद्या पाहणी आहे. पांचाळ रजेवर आहेत. तिथले अधीक्षक आमच्या नव्या बाईंना मागतायत. पाठवू का?"

"अजिबात नाही!"

शिंदेंनी आवाज आणखी खाली आणला.

"पण मॅडम, मागच्या वेळी त्यांनी दिला होता की."