शेजारणीची मूठ

लढाईच्या दिवसांत इस्लामपुरात आमची एक शेजारीण होती. माझी पाळी जवळ आली, की तिला ते माझ्या भांड्यांवरून कळायचं. अंग ठणकायचं, डोकं फिरायचं आणि मी भांडी आदळायची. लगेच कुडावरून तिची मूठ यायची. मुठीत भाजलेले तीळ आणि गूळ.

"मुकाट्यानं खा. तिखट कमी कर."

सासूबाई कुरकुरल्या, की त्यांनाही दटावायची, "आवं काकी, ती न्हाई, तिचं अंग भांडतंय."

आमचे हे पलटणीतून रजेवर येऊन गेले. पुढच्या महिन्यात भांडी वाजलीच नाहीत. तरी दिवस मोजून ती मूठ घेऊन आली, तर मी भाकरी पुढ्यात घेऊन नुसती बसलेली. माझ्या तोंडाकडे बघत तिनं सगळे तीळ स्वतःच्याच तोंडात टाकले.

"तीळ लय उष्ण. आता तुला चालायचे न्हाईत," म्हणाली. "चिंच धाडते."