कात्रीकाकूंची गोडी छाटणी

कात्रीकाकूंच्या पर्समध्ये रुमाल, कुंकवाची डबी आणि झाडं छाटायची कात्री असायचीच. हळदीकुंकवाला गेल्या तरी वाण घेण्याआधी त्या दारातल्या गुलाबाचा वाळका शेंडा उडवत. माहेर मखमलाबादच्या द्राक्षबागेतलं. लग्नानंतर नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत आल्या, पण हात काही स्वस्थ बसत नसत.

‘छाटणी’ हा शब्द कोणी उगाच वापरला की त्या खवळत. मेंदीचं कुंपण कापलं तर म्हणत, “ती हजामत. छाटणी झाडाकडून काहीतरी मागायसाठी असते.” गुलाबाकडून फूल मागायचं. द्राक्षाकडे मात्र दोनदा मागायचं.

ते आम्हाला बाबांच्या द्राक्षवेलीमुळे कळलं. कॉलनीच्या फाटकावर चढवलेली ती वेल कित्येक वर्षं नुसती पानं देत होती. शेवटी सोसायटीने ठरवलं, वर्षभरात द्राक्षं आली नाहीत तर वेल काढून तिथे स्कूटरसाठी शेड घालायची. बाबांचं जेवणातलं लक्षच उडालं.

एप्रिलमध्ये काकूंनी वेल पार बोडकी केली. पावसाळ्यात ती अशी फुटली की लोक सावलीला थांबू लागले. बाबा खूश. आणि ऑक्टोबरात काकू पुन्हा कात्री घेऊन हजर!

बाबा हात पसरून आडवे उभे राहिले. “वहिनी, एकदा छाटली ना?”

“ती खरड छाटणी, भाऊ. काडी तयार व्हायला. ही गोडी छाटणी, घडासाठी. आता नाय कापली तर पुन्हा पानंच. पानंच बघायचीत तर मनीप्लांट लावा की!”

बाबा हलेनात. मग काकूंनी कात्री त्यांच्याच हातात दिली. “काडीवरचे फुटायचे डोळे मी दाखवते, कापा तुम्ही.” पहिली काडी बाबांनी चक्क डोळे मिटून कापली. काकू हसून हसून पायरीवर बसल्या.

फेब्रुवारीत घड लागले. जरा आंबट होते, पण शेडची मागणी करणारेच वाटी घेऊन सगळ्यांत आधी आले. शेडचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. मला तर त्या दिवशी काकूंना डोक्यावर घेऊन नाचावंसं वाटलं होतं.

पुढे काकू मुलाकडे बंगळूरला गेल्या. त्या ऑक्टोबरात बाबांनी एकट्यानेच वेल छाटली आणि काकूंना फोन लावला.

“वहिनी, कापली हो.”

“सगळी? जीव नाय ना अडकला?”

“छे, छे!” बाबा म्हणाले, आणि फोन माझ्या हातात कोंबून घाईघाईने तोंड धुवायला गेले.